कांडेचोराच्या कॉफीची उगवण चाचणी

२२ ऑक्टोबर २००७
काल दसऱ्याला संकल्प केला. यापुढे कोणावर संशय घ्यायचा नाही. ही म्हणाली, मागच्या दसऱ्यालाही हेच केलं होतं. जुनी वही काढून तपासलं. केलं होतं.

संध्याकाळी देवळाली कॅम्पातून मनीषाचा फोन. पाडव्याला येते म्हणाली. जावईही येणार. लग्नाला तीन वर्षं झाली, वाल्मीकरावांनी आपल्या मळ्यात पाऊल टाकलेलं नाही, आणि त्यांच्यामुळे पोरगीही राहायला येत नाही. कारण काय, तर लग्नात मी मंगळसूत्र सोनाराकडून तपासून घेतलं. मांडवातच. मंगलाष्टकं जरा थांबली, एवढंच. सोनं खरं निघालं, म्हणजे मान त्यांचाच वाढला. हे कोणी लक्षात घेत नाही.

हिने डोळे पुसले. मला म्हणाली, या वेळी तोंडाला कुलूप. कबूल केलं.

२४ ऑक्टोबर
जावयांचं पार्सल आलं. ते जहाजावर स्वयंपाकी आहेत. (असं म्हणतात.) आत काळपट बियांची पुडी आणि चिठ्ठी. इंडोनेशियात कांडेचोर, म्हणजे उदमांजर, कॉफीची फळं खातो, बिया त्याच्या लेंड्यांतून पडतात, त्या धुऊन, भाजून ही कॉफी करतात. एका म्हाताऱ्याच्या बागेत स्वतः उभं राहून घेतली. बाजारात नकली फार, म्हणून. पाडव्याला सगळे मिळून पिऊ.

आपल्याकडे कांडेचोर कौलांवर नाचतो तेव्हा आपण काठी घेऊन धावतो. आणि तिकडे त्याची लेंडी पुडीत. बरं, असेल. संशय घ्यायचा नाही. फक्त वास घेतला. लेंडीचा वास अजिबात नाही. इथेच पाल चुकचुकली.

२५ ऑक्टोबर, सकाळी
चाळीस वर्षं बियाणं पारखलंय. पातेल्यात पाणी घेऊन मूठभर बी टाकलं. सगळंच्या सगळं तरंगलं. पोचट. दाणेदार बी तळाला बसतं, हे शाळेत न गेलेल्यालाही कळतं. मी तर सातवी आहे.

हा संशय नव्हे. ही चाचणी.

२६ ऑक्टोबर
दहा बिया मोजून कुंडीत लावल्या. बी खरं असेल तर उगवेल. ही म्हणाली, भाजलेल्या शेंगदाण्याला कोंब आलेला कधी पाहिलाय का? शेंगदाण्याची गोष्ट वेगळी. बायकांना शेतीतलं शास्त्र सांगता येत नाही.

३ नोव्हेंबर
नऊ दिवस. दहापैकी शून्य. टोमॅटोसुद्धा एवढं ताटकळत ठेवत नाही.

वाईट वाटलं. वाल्मीकराव मनाने चांगले असतील, पण त्या म्हाताऱ्याने त्यांना गंडवलं. पाडव्याला चारचौघांत त्यांची फजिती होऊ नये, म्हणून मीच अस्सल आणून ठेवणार. सासऱ्याची माया म्हणतात ती ही.

उरलेली पुडी गुलाबाच्या वाफ्यात खत म्हणून मिसळली. वीस बिया पाकिटात ठेवल्या, वर लिहिलं: नकली, पुरावा.

५ नोव्हेंबर
बसने देवळाली कॅम्प. तिथे मिलिटरीवाल्यांची वर्दळ, साहेब लोकांना नकली माल चालत नाही. दुकानदाराला गाठून तीन प्रश्न विचारले. मांजर रानातलं आहे का? हो. फळं पिकलेलीच खातं का? हो. बिया हाताने धुतात का? हो. एकदाही अडखळला नाही. पुड्यावर मांजराचं रंगीत चित्र. पूड आहे, दळायची कटकट नाही.

घरी येऊन पाण्यात टाकली. तळाला बसली. एक कप करून प्यायलो. खमंग. लहानपणी चुलीपुढे बसल्यासारखं वाटलं. अस्सल वस्तू काळजाला हात घालते ती अशी.

६ नोव्हेंबर
मनीषाचा फोन. कॅम्पात आलात, घरी आला नाहीत, शेजारच्या सिंधुबाईंनी पाहिलं. गडबडीत होतो म्हणालो. अजून राग धरलाय का माझ्या घराचा, विचारून तिने फोन ठेवला. पाहिलंत, संशय मी घेतो असं म्हणतात सगळे.

१० नोव्हेंबर, पाडवा
जावई आले. उंबऱ्यावर हिने ओवाळलं. मी तोंडाला कुलूप लावून बसलो. अकरा वाजेपर्यंत सगळं छान.

मग घोटीचा मोतीराम व्यापारी फराळाला टपकला. आपल्या बांधावरच्या चिंचेचे चिंचोके दर उन्हाळ्यात तोच नेतो. मी कौतुकाने सगळ्यांना कॉफी दिली. मोतीरामने घोट घेतला, म्हणाला, गोटीरामभाऊ, भाजलेल्या चिंचोक्याची का पाजता पाहुण्यांना? मी म्हणालो, अस्सल आहे, कॅम्पातून आणली. कोणत्या दुकानातून, विचारलं. सांगितलं. तो हसायलाच लागला. म्हणाला, त्यालाच तर देतो मी तुमचे चिंचोके.

वाल्मीकरावांनी कप खाली ठेवला. माझी पुडी कुठे आहे, हळू विचारलं. मनीषा साखर काढायला फळीकडे गेली आणि पाकीट हातात घेऊन आली. माझं अक्षर तिला ओळखू येतं. हिनेही मग पातेल्यातलं पाणी, कुंडी, गुलाबाचा वाफा, सगळं सांगून टाकलं.

म्हणाली, आबा, आधी मंगळसूत्र, आता हे. चला हो, निघू.

मी उठलो. लग्नात सोनं खरं निघालं तेव्हा जे म्हणालो नव्हतो, तेही आज म्हणालो. चुकलो, म्हणालो. एवढंच.

जावयांनी पाकीट घेतलं. त्या वीस बिया हिच्या खलबत्त्यात कुटल्या, स्वतः चुलीपाशी बसून उकळल्या. मोतीरामने काढता पाय घेतला. आम्ही चौघं, एक कप. प्रत्येकी घोट-दीड घोट. मला काही विशेष लागली नाही. फार छान आहे म्हणालो.

मनीषा राहते म्हणाली, उद्या चुलतभावांची भाऊबीज करूनच जाईन.

११ नोव्हेंबर, सकाळी सहा
आजपासून संशय बंद. कायमचा.

फक्त एकच. पोरगी राहते म्हणाली, पण रात्री तिची बॅग दाराजवळच होती. सगळे झोपेत असताना हळूच उचलून पाहिली. हलकी लागली. म्हणजे कपडे बाहेर काढलेत. जीव भांड्यात पडला.

मागे वाल्मीकराव उभे. म्हणाले, मामा, पाण्यात टाकून बघायची का?