डाव्या बाजूची जागा

३ फेब्रुवारी
नकाशावर तलाव, प्रत्यक्षात बशी! खोली मोजायची दोरी टाकली तर कंबरभर पाणी. गिऱ्हाइकं फळीवर उभी राहून जिच्यावर घसरतात, ती बोटीमागची लाट उभी राहायला दोन पुरुष तरी खोली हवी — दादाला हे दर वेळी नव्याने सांगावं लागतं. त्यात बांध दगडी. लाट दगडावर आपटून परत येते आणि सगळं पाणी ढवळून टाकते. उतरता मातीचा काठ हवा. हे मला कोणी शिकवलेलं नाही. फिरून, भिजून शिकलो.

गिऱ्हाइकांना काय सांगू, म्हणाला दादा. म्हटलं, सांग — भाऊ शोधतोय.

८ फेब्रुवारी
मिळाला! टेकडीमागचा जलाशय. वारा अडलेला, तळ साफ, झाडाचं एक खोड नाही. बोटीची ओढदोरी सोडून गिऱ्हाईक नुसत्या लाटेच्या जोरावर फळीवर उभं राहिलं आणि काठापर्यंत तसंच आलं.

मी माझ्या जागी. बोट डावीकडे कलल्याशिवाय लाट चढत नाही. कलायला वजन लागतं. ते मी. दादा सुकाणूवरून ओरडतो, हलू नकोस रे! गिऱ्हाइकांना ओळख करून देतो — हा आमचा नांगर. सगळे हसतात. घरी वहिनीही ताटात जास्तीचं वाढतात. घ्या भावोजी, धंद्याचा प्रश्न आहे.

तलाव कोणी शोधला, हे कोणी विचारत नाही.

१३ फेब्रुवारी
धरणावरच्या साहेबांनी मला दोरी टाकताना पाहिलं. बोलत बसले. जलाशयांची खोली मोजायला त्यांना माणूस हवाय. राहायला खोली, मोजायला वेगळी बोट. आठवड्यात कळवा म्हणाले.

वेगळी बोट! सुकाणू माझ्या हातात.

१४ फेब्रुवारी
दादाला सांगितलं नाही.

१६ फेब्रुवारी
आजही नाही. दिवसभर डाव्या बाजूला. पायाला मुंग्या आल्या तरी उठलो नाही. उठलो की लाट बसते. समोर अख्खा जलाशय आणि मला वीतभर सरकायची सोय नाही. मी गेलो तर दादाचं घोडं पेंड खाईल. धंदा कर्जावर उभा आहे. पाठच्या भावाने असं करायचं?

१९ फेब्रुवारी
साहेबांना फोन करून नाही म्हटलं. भाऊ माझ्यावाचून अडेल, म्हणालो. सांगताना छाती जरा फुगलीच. ते म्हणाले, ठीक, दुसरा माणूस तयार आहे.

२० फेब्रुवारी
जेवताना दादाला सगळं सांगितलं. त्याने घास खाली ठेवला. वहिनींकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली. मग तो उठून माळ्यावर चढला आणि रबरी पिशव्या खाली टाकल्या. पाणी भरून बोटीत ठेवायच्या असतात, वजनासाठी. घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या.

"दोन वर्षं झाली घेऊन," म्हणाला. "काढल्या असत्या तर तू काय केलं असतंस? मला वाटलं, तुला जायला कुठे आहे."

२१ फेब्रुवारी
डाव्या बाजूच्या गादीत माझ्या बसण्याने खळगा पडलाय. पिशवी त्यात चपखल बसली. मीच भरली. लाट चांगली उठली म्हणे — मी काठावर होतो, पाठ करून.