पत्र्याच्या भोकांतले सूर्य

मी, मल्लम्मा ईश्वरप्पा हलगे, वय ६६, राहणार औसा, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीने लिहिते. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे.

१. राहतं घर मुलगा वीरण्णा व मुलगी सिंधु यांना निम्मं निम्मं. गच्ची एकट्या सिंधुची. वीरण्णा तिथे मोबाइलचा टॉवर बसवू म्हणतो. बसवायचा नाही.

२. दुर्बीण सिंधुला. ती लातुरात क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवते म्हणून नव्हे. कारण वेगळं आहे.

१६ फेब्रुवारी १९८०, मोठं सूर्यग्रहण. मला सहावा महिना. सासूबाईंनी भरदुपारी पत्र्याच्या खोलीत कोंडलं आणि हलायचं नाही म्हणून बजावलं. पत्र्याला भोकं होती. रोज जमिनीवर उन्हाचे गोल कवडसे पडत, त्या दिवशी त्यांच्या कोरी झाल्या. प्रत्येक कोर म्हणजे एक सूर्य. पंधरा कोटी किलोमीटरवरून निघालेला उजेड आठ मिनिटांत येऊन माझ्या पोटावर टेकला होता. कोणी सांगितलं नसताना मला कळलं, आपण केवढ्या मोठ्या घरात राहतो. मी उठले आणि पदरात त्या कोरी झेलल्या.

मे महिन्यात सिंधु जन्मली, वरचा ओठ दुभंगलेला. "तू हललीस," सासूबाई म्हणाल्या. पुढे सात वर्षं म्हणत राहिल्या. लातुरात ओठ शिवला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळाचा ओठ दुसऱ्या महिन्यातच जुळतो. ग्रहण सहाव्यात होतं. त्यानंतर मी मान खाली घातली नाही. शिवणकाम करून दुर्बीण घेतली.

३. सासूबाईंना मी माफ केलेलं नाही. तो राग कोणाच्या नावावर करत नाही.

ईश्वरप्पा तेव्हा गप्प राहिले. शेवटच्या आजारात मात्र त्यांनी विचारलं, "त्या दिशी खोलीत काय दिसलं हुतं गं तुला?" मी सगळं सांगितलं. ते माझा हात धरून ऐकत राहिले. त्यांचा हिशेब मिटला.

४. सूनबाई स्वप्नालीला पाचवा महिना आहे. येत्या रविवारी चंद्रग्रहण. तिला आत बसवणार, असं वीरण्णा म्हणतो. बसवलं तर सोमवारी मी त्याचा हिस्सा काढून नवं मृत्युपत्र करीन.

हे कलम दोघांना वाचून दाखवलं. वीरण्णा उठून दुकानात गेला. स्वप्नाली म्हणाली, "आत्या, गच्चीचा जिना अंधारात हाय. माझा हात धरा, दोघी मिळून चढू."

वाचून, समजून सही केली.

मल्लम्मा ईश्वरप्पा हलगे

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. डॉ. अपूर्वा देशपांडे, औसा
२. शिवमूर्ती बिराजदार, शेजारी

औसा, ३ सप्टेंबर २०२५