जाड वायरीची परीक्षा

प्रिय दादा,

काल धायरीला गेले होते. हॉलला रंग द्यायचाय, म्हणून वहिनीने तुझा गाण्याचा सेट हलवायला बोलावलं होतं. ॲम्प्लिफायरच्या मागे तुझी एक वही सापडली. ती वाचल्यापासून तुझ्याशी बोलायचंय, आणि तुला जाऊन तर पाच महिने झालेत. म्हणून हे पत्र.

तुझ्या गाण्याच्या वेडाबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. तक्रार होती ती सेटला लावलेल्या सामानाबद्दल. आवाज सुधारावा म्हणून मनगटाएवढी जाड स्पीकरची वायर काय, ती जमिनीला टेकू नये म्हणून खाली लाकडी ठोकळे काय! परदेशी ठोकळे परवडेनात, तर कसबा पेठेतल्या सुताराकडून सागवानी करून आणलेस. त्याने विचारलं, "देव्हाऱ्याचे पाय का हो?" तू हो म्हणून मोकळा झालास.

माझं आयुष्य कारखान्याच्या तपासणी विभागात गेलं. चहात साखर आहे हेसुद्धा मी पुराव्याशिवाय मानत नाही, असं तूच म्हणायचास. दर रविवारी फोन करून तू मला गाणं ऐकायला बोलवायचास. त्या रविवारी तुझे तिघे मित्रही ऐकायला बसले होते. मी म्हटलं, "दादा, न बघता ओळखून दाखव. साधी वायर कुठली, जाड कुठली?" तू लगेच तयार! पाठ करून बसलास. मी सेटवर चादर टाकली आणि पाच वेळा मागे जाऊन खुडबुड केली. तू डोळे मिटून सांगत होतास, "आता तबला मोकळा झाला... आता गळा दबला."

मी वायर बदललीच नव्हती. पाचही वेळा साधीच होती. चादर उचलून दाखवली तेव्हा तुझे मित्र हसले. मीही हसले. तू वहिनीला एवढंच म्हणालास, "चहा टाक गं."

पुढच्या रविवारी तुझा फोन आला नाही. त्यानंतर दोन वर्षं नाहीच. भाऊबीज रीतसर झाली, पण गाणं ऐकायला ये, असं तू पुन्हा म्हणाला नाहीस. मीही विचारलं नाही. मी बरोबर होते ना!

आणि वहीत काय? दर रविवारची एकेक ओळ. सुधावहिनीला सेटमागे बसवून तू स्वतःचीच परीक्षा घेत होतास. "ओळखली नाही." "ओळखली नाही." "ओळखली, पण सुधाच्या बांगड्या वाजल्या. धरू नये." आणि शेवटच्या पानावर, "फरक नाही. मिनूला सांगायला हवं."

अरे, मग सांगितलं का नाहीस? एक फोन करायला काय झालं होतं?

वहिनी म्हणाली, "मी म्हटलं होतं, करा फोन. तर म्हणाले, ती म्हणेल, बघ, मी सांगत नव्हते? तेवढं ऐकायची ह्यांची तयारी नव्हती गं."

म्हटलं असतं रे. लगेच म्हटलं असतं. त्याचंच रडू आलं मला. वायरीबद्दल मी बरोबर होते, पण चारचौघांत तुला फसवायची काय गरज होती? एवढे रविवार गेले, दादा. निम्मे मी घालवले, निम्मे तू.

वही मिटून वहिनी म्हणाली, "हे काही म्हणोत, मला बाई जाड वायरीचाच आवाज गोड वाटतो."

मी तोंड उघडलं आणि मिटलं.

रंग वाळला की मी दर रविवारी धायरीला जाणार आहे. जाड वायर मीच जोडून देईन. मलाही तो आवाज गोड वाटतो असं खोटं म्हणणार नाही, ते मला जमायचं नाही. पण वहिनीची परीक्षा घेणार नाही, आणि गाणं संपेपर्यंत तिच्या शेजारी बसून राहीन. शब्द देते.

तुझी हट्टी बहीण,
मिनू