विलासचा कोळसा

एकोडी, १६ एप्रिल, मंगळवार

पानठेल्यावर आज पुन्हा तोच वाद. अर्धे म्हणे कोळशाच्या खाणी बंद करा, अर्धे म्हणे मग उन्हाळी धानाची मोटर कशावर चालवता? माझा धान मोटरीवर, आणि पोरगा विलास चंद्रपुराकडे खाणीत. कोणाच्या बाजूने बोलू?

दिवेलागणीला लाइट आली. सवयीने बल्बला हात जोडले. विलासची आई गेल्यापासून तिच्या वाटचेही मीच जोडतो. आज मात्र लगेच बटण बंद केलं. तेवढा तरी कोळसा पोराला कमी खणावा लागेल. वेडेपणाच.

अंधारात बसलो होतो, तर रोजच्यासारखा त्याचा फोन.

"बाबा, माहा कोळसा पोचला काय? लाइट आहे ना?"

"आहे ना बापा," म्हटलं. "लख्ख उजेड आहे."