दोघांचाही मान राखणारा पाया

तीर्थस्वरूप भावोजींना सादर नमस्कार. (वाकूनच केला आहे. पायाचे खड्डे बघून बघून कंबर धरली आहे, सरळ उभं राहायची सोय उरलेली नाही.) आपली शुगर, ताईचा खोकला आणि आईचे गुडघे कसे आहेत ते कळवावे. आम्ही इथे सुखरूप आहोत. घराबद्दल तसं म्हणवत नाही.

आई तुमच्याकडे चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, आणि गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून ती खाली उतरलेली नाही. तिच्यासाठी बैठं घर बांधावं, एवढीच माझी हौस. प्लॉट घेताना मी जमीन नीट पाहिली होती, म्हणजे ती सपाट आहे एवढं पाहिलं होतं. ही काळी चिकण माती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसते, हे नंतर माती तपासणाऱ्या साहेबांनी नमुना नाकाशी धरून सांगितलं. मग करायचं काय, विचारलं तर म्हणाले, ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. त्या गृहस्थांचं सगळंच बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असे.

आमचे इंजिनिअर म्हणजे हिचे मामेभाऊ. त्यांनी सांगितलं, खाली कठीण मुरूम लागेपर्यंत खणा आणि त्यावर खांब उभे करा. मी खणायला लावलं. लगेच आपला फोन आला. जन्मभर पूल बांधलेल्या माणसाने फोनवर मातीचा रंग विचारला आणि निकाल दिला, की इतकं खोल जाणं हा शुद्ध मूर्खपणा. घराखाली काँक्रीटची एकच जाड लादी घाला, घर तिच्यावर होडीसारखं राहील. मी खणणं थांबवलं. मामेभावांनी नकाशाची गुंडाळी काखेत मारली आणि हिच्याशी बोलणं टाकलं. हिने माझ्याशी टाकलं. पुन्हा खणायला लावलं, तर ताईचा फोन, की हे धड जेवत नाहीयेत. कंत्राटदार रोज सकाळी चहा पिता पिता विचारी, आज कोणाचं ऐकायचं? (टोमणा नव्हता. त्याला खरंच माहीत नसे.)

शेवटी, आपल्या नात्यागोत्यात जे नेहमी करतात तेच मी केलं. पुढचं अर्धं घर मामेभावांच्या खांबांवर, मागचं अर्धं आपल्या लादीवर. सगळे जेवू आणि बोलू लागले. माती तपासणारे साहेब तेवढे त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा स्पष्ट बोलले: "दोन्हीपैकी काहीही करा, पण एका घराला दोन पाये नकोत. एक भाग बसेल, दुसरा बसणार नाही." पण ते नात्यातले नव्हते. त्यांचं ऐकलं नाही तरी कोणी रुसणार नव्हतं.

जमीन एकदा भिजून वाळली आणि घर बरोबर मधोमध फाटलं, आपला सल्ला संपून मामेभावांचा सुरू होतो तिथे. तडा आईच्या खोलीच्या चौकटीतून वर गेला आहे. दार लागत नाही. मामेभाऊ येऊन म्हणाले, लादीचा भाग खचला, म्हणजे लादी चूक. आपण फोटो पाहून कळवलंत, की खांबांचा भाग जागीच अडून राहिला, घराबरोबर हलला नाही, म्हणजे खांब चूक. दोघेही खुशीत आहात. भावोजी, मला फार राग आला आहे. घर माझं फाटलं आणि बरोबर मात्र तुम्ही दोघे ठरलात.

आपला, नको तितका आज्ञाधारक,
मेहुणा

ता. क. आईला तड्याचं कळू देऊ नये. प्लास्टर अजून ओलं आहे म्हणून सांगावं. तडा कसा बुजवावा यावर कृपया मत कळवू नये.

ता. क. २. वरची विनंती रद्द. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आईचा फोन आला. जेवताना आपण सगळ्यांना फोटो दाखवून खांबांची चूक समजावून दिलीत म्हणे. मी तडा लहान करून सांगायला लागलो, तर तिने मधेच थांबवलं. म्हणाली, "असू दे रे तडा. दाराबाहेर जमीन आहे ना?"

ता. क. ३. रविवारी तिला न्यायला येतो आहे. पुढच्या खोलीत राहील. खुर्चीत बसवून उतरवावं लागेल. पुढून मामेभाऊ धरणार आहेत, मागून आपण धरा. चार मजले आहेत. जिन्यात कोणी कोणाला सल्ला देऊ नये, आणि पाऊल दोघांनी एकदमच खाली टाकावं.