दर ठोक्याला दोन बोटं

सोमवार, ३ तारीख

आवाज विरून गेला की तो जातो कुठे? मी घरून निघताना बाबांनी हे विचारलं. त्याची उष्णता होते, असं पुस्तकात आहे. पण घरातली पहिली पदवीधर म्हणून ज्या मुलीचं एवढं कौतुक झालं तिने इतकंच सांगायचं, हे माझं मलाच पटेना. तीस वर्षं यंत्रमागांच्या खडखडाटात काढल्यामुळे बाबांना हल्ली फार कमी ऐकू येतं, म्हणूनही त्यांच्या डोक्यात असे प्रश्न येत असतील. ते हसून म्हणाले, जातेच आहेस आवाजाच्या कारखान्यात, तर सापडलं की कळव.

कारखाना कसला, छापखान्याच्या वरच्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा स्टुडिओ. बाहेरच्या खोलीत दुरुस्ती करणारे काका बसतात. टेबलावर उघडी यंत्रं आणि डाख देण्याचा वास. आतल्या खोलीच्या भिंतींना जाड स्पंज आहे. दार लावलं की स्वतःचा आवंढासुद्धा ऐकू येतो. मालकांनी पहिल्याच दिवशी मोठं काम दिलं: नाचासाठी एक इलेक्ट्रॉनिक ट्रॅक, काळाकुट्ट. ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा यावा, पण पाय थांबू नयेत. सिंथ, म्हणजे सूर तयार करणारं यंत्र, कुठला, इफेक्ट कुठले, हे सगळं मीच ठरवायचं.

भीती वाटणारी माणसं खांद्याला खांदा लावून नाचली तर भीती अर्धी होते, असं मला खरंच वाटतं. आनंदाने झोप येईना.

मंगळवार, ४ तारीख

दिवसभर तीन सिंथ वाजवून पाहिले. एक नवा कोरा, पाचशे तयार आवाजांचा. प्रत्येक आवाज छान आणि कुठलाच माझा नाही. दुसरा जुना, तापायला वीस मिनिटं घेतो आणि तोवर बेसूर रडतो. तिसरा डब्याएवढा, एका वेळी एकच सूर काढणारा. त्याचा फिल्टर उघडला की सूर उजळतो, मिटत नेला की तळघरात उतरतो. मी तिसरा घेतला. काका म्हणाले, पोरीला कान आहे, बाकीचे सगळे दिव्यांना भुलतात. सूर खरबरीत व्हावा म्हणून डिस्टॉर्शनही ठरलं. राहिला रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला खोली देणारं यंत्र.

गुरुवार, ६ तारीख

रिव्हर्ब सापडला. कपाटाच्या तळाशी एक करडी पेटी होती, नाव नाही, फक्त एक खटका. बंद पडलेल्या एका नाचघरातून काकांनी ती कधीतरी आणलेली. तिच्यातून ठोका गेला की तो अशा जागेत घुमतो जिला भिंतीच नसाव्यात. अंगावर काटा आला. हेच हवं होतं!

एक गंमत आहे. घुमणं विरत आलं की ठोक्यानंतर बरोबर तीन सेकंदांनी एक बारीकशी ‘टप’ येते, दुरून परतलेल्या प्रतिध्वनीसारखी. हिशेब केला. आवाज सेकंदाला तीनशे चाळीस मीटर जातो; जाऊन यायला तीन सेकंद, म्हणजे पाचशे दहा मीटरवर काहीतरी आहे. पेटी वीतभर रुंद! मालकांना ‘टप’ आवडली. म्हणाले, राहू दे.

शनिवार, ८ तारीख

ट्रॅक पूर्ण झाला. सहा मिनिटं, मिनिटाला एकशे तीस ठोके. माझा पहिलावहिला! लगेच धाकट्या बहिणीला पाठवला. पुढच्या शनिवारी तिच्या नऊ जणींचा नाच आहे आणि त्यांच्या नाचाच्या बाईंना नवीन काहीतरी हवंच होतं. आई म्हणे शेजारणीला बोलावून ऐकवत होती.

‘टप’ मात्र आता दोन सेकंदांनी येते. यंत्र जुनं झालं असेल.

सोमवार, १० तारीख

ती जुनी होत नाहीये. जवळ येतेय.

तासभर मोजत बसले. ट्रॅक एकदा वाजवला की अंतर सत्तावीस मीटरनी घटतं. सातशे ऐंशी ठोके. दर ठोक्याला दोन बोटं. नुसतं थांबून राहिलं तर काही घटत नाही. ठोका पडला की ते सरकतं.

मग शनिवारी तीनशे चाळीस मीटर होतं, ते आज सकाळी एकशे सत्तर कसं? काल स्टुडिओला कुलूप होतं. पेटीची वायरसुद्धा काढलेली.

संध्याकाळी धाकटीचा फोन आला. काल घरी सहा वेळा लावून नाचली म्हणे, सातव्यांदा थोडंसं. मी सत्तावीसला सहाने गुणलं: एकशे बासष्ट, वर ते थोडंसं. शेवटी तिने हसत हसत सांगितलं, की बाबांना गाणं अजिबात ऐकू येत नाही, पण मधली ती ‘टप’ तेवढी स्पष्ट येते.

मंगळवार, ११ तारीख

पेटी बंद ठेवून आतल्या खोलीत टाळी वाजवली. त्या स्पंजमध्ये काहीच घुमत नाही. तरी ‘टप’ आली.

माझ्या भाड्याच्या खोलीत वाजवली. तिथेही.

काकांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते चेष्टा करतील. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाले, त्या नाचघरात एक ऑपरेटर होता. भरदुपारी, बंद खोलीत ट्रॅक तपासत होता. दार उघडलं तेव्हा खुर्ची गरम होती आणि हेडफोन वायरीला झुलत होते. माणूस नव्हता. आजतागायत नाही. पेटी तोडून उपयोग आहे का, असं मी विचारलं. ते म्हणाले, “ज्याच्याकडे पोचायचं त्याच्याकडे ते पोचतं, बाळ. मग पुन्हा लांबून सुरू होतं. मी पेटी आणली तेव्हा ‘टप’ तीन सेकंदांवर होती. मला वाटलं, आता काय, लांब आहे.”

मालकांनाही सांगितलं. दोन दिवस सुट्टी घे म्हणाले.

बुधवार, १२ तारीख

शंभर मीटर.

धाकटीला बजावलं, तो ट्रॅक पुसून टाक. कारण विचारलं तर काय सांगणार — म्हटलं, खराब झालाय. ती म्हणाली, “ताई, स्वतःच्याच गाण्याची लाज वाटते का गं तुला?” सगळ्या जणींकडे आहे. रोज पाच वाजता तालीम असते. बाई आता गाणं बदलणार नाहीत.

तू तरी नाचू नकोस म्हटलं. ती मधोमध उभी असते म्हणे, ती नसली तर नाचच मोडेल. आणि ती नसली तरी तिथे दुसऱ्या कुणाची तरी धाकटी असेलच ना.

गुरुवार, १३ तारीख

तालमीनंतर छप्पन्न.

बाईंना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आईचा फोन, मी नीट जेवते का, घरी ये म्हणून रडत होती —

टाळी वाजवायची नाही असं ठरवलंय. पण जिन्यात चप्पल वाजली. माझ्या पावलामागे —

शुक्रवार, १४ तारीख, दुपार

तालमीआधी कुणीतरी एकदा लावलंच.

सत्तावीस मीटर उरले. म्हणजे एकदाच. पाचला शेवटची तालीम. मधोमध ती.

धाकटी फोन उचलत नाही.

ज्याच्याकडे पोचायचं — मग पुन्हा लांबून. पाचशे मीटर तरी. आजची तालीम, उद्याचा नाच, सगळं त्यात बसतं. दोनदा मोजलं.

४.२० — काकांना कामाला बाहेर पाठवलं. धाकटीला पत्र टाकलं: नाच झाला की नऊही जणींकडचा ट्रॅक पुसायचा, ताईची शपथ. पेटीवर ‘वाजवू नका’ अशी चिठ्ठी चिकटवली. दार आतून लावून किल्ली फटीतून बाहेर सरकवली. मग ट्रॅक लावला. वाजतोय. उरलेली बोटं इथेच संपतील, माझ्यापाशी.

४.२३ — अर्धा झाला. खालची छपाईची यंत्रं ऐकू येत नाहीत. स्पंजच्या भिंती आहेत तिथेच आहेत. पण खोली — खोली मोठी —

पेन आपोआप चालतंय. ठोक्यावरच चालतंय.

४.२५ — ठोका आणि ‘टप’ यांच्यात आता फट नाही.

बाबा, सापडलं. आवाज कुठेही जात नाही. तो तिथेच थांबतो आणि आपण पुन्हा वाजवेपर्यंत