सोळाव्या दिवसाचा निरोप

१५ सप्टेंबर, मंगळवार

चि. बबडीस,

खूप खूप आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, जीभ मात्र ठणठणीत आहे.

गोठ्यातली बातमी सांगतो. टिकली गाय दोनदा उलटली, रेतन करूनही गाभण राहिली नाही, म्हणून मालक तिला विकायला निघाले होते. मी म्हटलं, "आणखी एकदा बघू." या वेळी एकविसावा दिवस गेला तरी ती माजावर आली नाही. काल तपासलं. गाभण आहे.

नव्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, "पंचवीस वर्षं कृत्रिम रेतनाचं काम करतोय, पण पोटात कुणी आहे हे गायीला कळतं कसं?"

"तिला कळत नाही काका, तिला कळवलं जातं."

सोळाव्या दिवसाच्या सुमारास दोऱ्यासारखा गर्भ एक रसायन सोडतो. मी आलोय, आता माजावर येऊ नकोस, असा तो निरोप. तो पोचला नाही तर गर्भाशय समजतं की कुणी आलंच नाही.

मग मी हळूच माणसांचं विचारलं. बाईंनी कारण विचारलं नाही. म्हणाल्या, माणसात हे आणखी लवकर होतं. कणाएवढा गर्भ अस्तराला चिकटतो आणि रसायनांनी बोलतो. गर्भाशयही गप्प नसतं, अस्तर मऊ करतं, त्याला भरवतं. पण त्याचं दार थोडेच दिवस उघडं असतं. पुढे आईच्या रक्तात जे तपासतात, तो बाळाचाच निरोप. ऐकून मी बादली तशीच टाकून देवाला हात जोडले. एवढ्याशा जिवाला बोलायला कुणी शिकवलं असेल?

तुला गायीशी तोलतोय म्हणून रागावू नकोस. मी दुसरं पाहिलंय काय!

गुरुवारी तुझ्या पोटात गर्भ ठेवला, हे मला ठाऊक आहे. तुझा फोन आई स्पीकरवर ठेवते. तू विचारलंस, "बाबा आहेत का?" ती म्हणाली, "नाही गं, बाहेर गेलेत." मी दाराआड चपला हातात घेऊन उभा होतो.

आठ महिन्यांपूर्वी मी म्हणालो होतो, "देवाच्या मनात नाही, आता सुया-नळ्यांचा हट्ट सोड." तू म्हणालीस, "बाबा, मग तुम्ही गोठ्यात रोज काय करता?" मी ताटावरून उठलो. उत्तर नव्हतं म्हणून उठलो, बबडे. आणि देवाने मला काही सांगितलं नव्हतं. तुला दोनदा रडताना पाहिलं होतं, तिसऱ्यांदा बघवलं नसतं. नको म्हणत होतो मी आणि नाव पुढे केलं त्याचं.

हे फोनवर बोलता आलं नसतं. पत्र शुक्रवारपर्यंत पोचेल. जावईबापूंनाही वाचून दाखव.

सोमवारी रक्ताचा रिपोर्ट आला की फोन कर. निरोप आलेला नसला तरी कर. या वेळी मी उचलेन.

तुझे,
दाराआडून पुढे आलेले
बाबा